उजव्या बाजूची झाडं

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर विराजमान मुख्याधिकारी साहेब, ज्यांनी आत्ता माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून मला अडचणीत टाकलं ते आमचे नगर अभियंता, समोर बसलेले सर्व खात्यांचे प्रमुख, कर्मचारी बंधू-भगिनी, मागच्या तीन रांगा अडवून बसलेली माझ्या उद्यान खात्यातली माळी मंडळी, आणि पहिल्या रांगेत अगदी कडेला, दाराजवळची खुर्ची मुद्दाम निवडून बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

माइक जरा खाली घेता का? चौतीस वर्षं मी वाकून काम केलंय, आता शेवटच्या दिवशी ताठ उभं राहायला जमणार नाही. हं, आता ठीक आहे.

निरोपाच्या भाषणात माणसाने काय बोलावं याचा एक शिरस्ता आहे. आधी आपण किती लहान होतो ते सांगायचं, मग वरिष्ठांनी कसं सांभाळून घेतलं ते सांगायचं, एक-दोन गमती सांगायच्या, शेवटी डोळे पुसायचे आणि खाली बसायचं. माझ्या खिशात असं भाषण आहे. चार पानी आहे, आमच्या पुतण्याने टाइप करून दिलंय, त्यात 'कृतज्ञता' हा शब्द अकरा वेळा आलाय. ते मी आज वाचणार नाही. कृतज्ञता नाही म्हणून नव्हे. आज मला दुसरं काहीतरी बोलायचं आहे, आणि माझ्याकडे वेळ कमी आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झालीत. कार्यालय सहाला सुटतं. सहापर्यंत मी या शहराचा उद्यान अधीक्षक आहे, त्यानंतर मी एक पेन्शनर. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

अभियंता साहेब आत्ता म्हणाले की 'यांची मुळं या शहरात खोल रुजलेली आहेत.' टाळ्याही पडल्या. साहेब, आपण रस्ते आणि नाले बांधता, म्हणून आपल्याला माफ आहे. पण झाडाची मुळं खोल जात नाहीत. शाळा-शाळांतून हे सांगत मी अर्धं आयुष्य घालवलंय, आणि एकाही शाळेत मुलांनी पहिल्यांदा माझ्यावर विश्वास ठेवला नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं. वर जेवढं झाड, खाली तेवढंच उलटं झाड. तसं नसतं. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि ती आडवी पसरतात, फांद्यांच्याही कितीतरी पलीकडे जातात. आपल्या खुर्च्या या हॉलमध्ये जिथे आहेत, तिथपर्यंत बाहेरच्या त्या मोठ्या झाडाची मुळं आली असली तर मला नवल वाटणार नाही.

आणि मुळांना श्वास लागतो. पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, श्वासाचं कुणी बोलत नाही. बुंध्याभोवती गाड्या उभ्या करून माती दाबली, की मूळ गुदमरलं. खोडाला लागून सिमेंट ओतलं, की गुदमरलं. हौशी लोक बुंध्याशी मातीचा ढीग रचतात आणि वर चुना फासतात, दिसायला टापटीप दिसतं, आतून साल कुजत जाते. झाड जमिनीत शिरताना रुंद होत शिरलं पाहिजे. तो फुगवटा उघडा दिसला पाहिजे. एखादं झाड विजेच्या खांबासारखं सरळसोट जमिनीत गेलेलं दिसलं, तर समजा की खाली काहीतरी बिनसलंय. पाणी घालायचं ते खोडाशी नाही, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे. वाळका पाला जाळायचा नाही, पसरायचा, आणि तोही खोडापासून वीतभर लांब. एवढं केलंत तरी निम्मी झाडं तुम्हाला दुवा देतील.

पाहा, लागलो व्याख्यान द्यायला. आमच्या सौ. म्हणतात, तुम्हाला कुणी किती वाजले विचारलं तरी तुम्ही मुळांपासून सुरू करता. खरं आहे. पण आज हे सांगण्यामागे हेतू आहे. हे सगळं मला येतं, हे आधी तुमच्या कानावर घालायचं होतं. पुढे जे सांगणार आहे, ते मी अज्ञानाने केलं असं कुणी म्हणू नये.

आता मानपत्राकडे येतो. फारच सुंदर लिहिलंय, अक्षरही देखणं आहे. त्यातलं एक वाक्य मला दुरुस्त करायचं आहे. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, 'रुग्णालय मार्गावर कोसळलेला वृक्ष अवघ्या तीन तासांत हलवून त्यांनी रस्ता मोकळा केला व आपल्या तत्परतेचे दर्शन घडविले.' अध्यक्षाबाईंनी हे वाक्य वाचलं तेव्हा पुढे टाळ्या वाजल्या. मागच्या तीन रांगांत कुणी वाजवल्या नाहीत. मी इथून पाहत होतो. सगळे पायाकडे बघत होते. त्यांना माहीत आहे. कुणाला सगळं, कुणाला थोडं. पण माहीत आहे.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रुग्णालयाचा रस्ता नुकताच रुंद झाला होता. दोन्ही बाजूंना साठ-साठ, अशी एकशे वीस झाडं लावायची होती. एक मोठे पाहुणे येऊन शेवटचं झाड लावणार, पाणी घालणार, फोटो निघणार, असा कार्यक्रम ठरला. संध्याकाळी चारची वेळ. लागवडीचं काम आमच्या मुकादमबाईंकडे होतं.

मुकादमबाई कोण, हे नव्या मंडळींना सांगतो. त्या आमच्याकडे रोजंदारीवर तण काढायला आल्या होत्या. दहा वर्षांत अशी वेळ आली की त्यांना विचारल्याशिवाय आमच्या रोपवाटिकेत कुणी झारी उचलत नसे. कागदावर त्या माळीच होत्या. मुकादमाचं काम करायच्या, मुकादमाची जबाबदारी घ्यायच्या, म्हणून सगळे मुकादमबाई म्हणायचे. कागदावर मुकादम व्हायला त्यांची सेवापुस्तिका स्वच्छ राहायला हवी होती, बाकी काही नाही. तोंडाने फटकळ. मी नवा साहेब होऊन आलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "साहेब, आपण पदवी घेऊन आलात ते छान झालं. आता बूट काढून वाफ्यात या."

तर लागवडीचा दिवस. रोपांचे ट्रक सकाळी सहाला यायचे ते साडेनऊला आले. चांगली पुरुषभर उंचीची रोपं, काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढवलेली. बाईंची पद्धत अशी होती. पिशवी ब्लेडने उभी फाडायची, पूर्ण काढायची. मग मातीचा गोळा खड्ड्याच्या कडेवर टेकवून कडेची मुळं बोटांनी सोडवायची. पिशवीत वाढलेलं मूळ भिंतीला लागलं की वळतं, आणि वळत-वळत गोल फिरायला लागतं. त्याला हाताने सरळ करायचं, जे फारच वळलंय ते कापायचं, आणि मग लावायचं. एका झाडाला दहा मिनिटं. बाई घड्याळ लावत नसत, पण मी लावलं होतं, म्हणून सांगतो.

दुपारी दीडला डावी बाजूसुद्धा पुरी झाली नव्हती. उजवी बाजू सगळी रिकामी. मी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "साहेब, उजवी बाजू उद्यावर टाका."

मी म्हणालो, "पाहुणे उद्या येणार आहेत का?"

"पाहुणे एका झाडासाठी येतायत. बाकीची आपल्यासाठी आहेत."

मी ऐकलं नाही. गोदामातले पंधरा हमाल बोलावले, उजव्या बाजूला उभे केले आणि सांगितलं, पिशवीसकट खड्ड्यात ठेवा आणि माती लोटा. दीड तासात साठ झाडं लागली. बाई रस्ता ओलांडून आल्या. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. एवढंच म्हणाल्या, "साहेब, पिशवी."

मी काय उत्तर दिलं ते ऐका. शेतकी पदवी, वर दोन प्रशिक्षणं, आणि उत्तर काय, तर "बाई, मुळं फोडतील पिशवी. मुळं सिमेंट फोडतात."

मुळं सिमेंट फोडत नाहीत हो. मुळाला आधी फट लागते. फट असली की ते शिरतं, मग जाड होतं आणि फट रुंदावते. फट नसली की ते बिचारं भिंतीला लागून वळतं. हे मला परीक्षेत आलं होतं. मी लिहिलंही होतं.

पाहुणे आले, फोटो निघाले, मला शाबासकी मिळाली. हे इथेच संपलं असतं तर मी त्याला घाईतली चूक म्हणालो असतो, आणि तुम्हीही म्हणाला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत पोचलो तर बाई दारात उभ्या. बरोबर त्यांची सगळी टोळी. म्हणाल्या, "उजवीकडची काढून पुन्हा लावतो. माती अजून भुसभुशीत आहे, दोन दिवसांत होईल. कुणाला कळायचंही नाही."

अध्यक्ष महोदया, हे मी गेली सहा वर्षं रोज आठवतो. दोन दिवस. एवढीच किंमत होती. आणि मी म्हणालो, "काल लावलेली झाडं आज उपटली तर लोक काय म्हणतील?" मग मी टेबलाशी बसलो, लागवडीची नोंदवही उघडली आणि माझ्या हाताने लिहिलं, 'सर्व रोपांच्या पिशव्या लागवडीपूर्वी माझ्या समक्ष काढण्यात आल्या.' खाली सही केली. सही झोकदार आहे. आजही वहीत पाहायला मिळेल.

झाडं वाढली. दोन्ही बाजूंची वाढली. बाईंनी उजव्या बाजूला पाणी घालण्यात कधी दुजाभाव केला नाही. पण पाच-सहा वर्षांनी फरक दिसायला लागला. उजवीकडची झाडं जरा खुजी, पानं लवकर गळायची. बुंध्याला फुगवटा नाही. कुणी विचारलं तर मी सांगायचो, "त्या बाजूला दुपारचं ऊन लागतं." हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की एकदा आमच्या मुलीनेच ते मला सांगितलं, "बाबा, उजवीकडच्या झाडांना ऊन बाधतं ना?" मी हो म्हणालो. तिला आजही तसंच वाटत असेल. आज ती इथे नाही, पण भाषणाचं चित्रण चालू आहे, तेव्हा तिच्यापर्यंत पोचेल.

मग सहा वर्षांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमाराला एक झाड पडलं. मानपत्रात वादळाचा उल्लेख नाही, ते बरं केलंत, कारण वादळ नव्हतंच. दोरीवर कपडे असते तर चिमट्यांनी धरून ठेवले असते, एवढाच वारा होता. झाड बसथांब्यावर पडलं. तिथे एक शिंपी बसले होते, बाजारात छोटं दुकान होतं त्यांचं. उजवं मनगट लोखंडी बाकाखाली सापडलं. हात वाचला. पण कात्री पुन्हा त्या हातात धरता आली नाही.

मी दहा मिनिटांत पोचलो. त्यांना आमच्या खात्याच्या जीपमधून रुग्णालयात पाठवलं. परत येऊन झाडाकडे पाहिलं. बुंधा मुळांसकट उचकटून वर आला होता. मुळं कसली, पिशवीच्याच आकाराचा घट्ट पिळलेला गोळा होता, मुळांनी एकमेकांना आवळून धरलेलं. एक जाड मूळ खोडाला पुरतं वेढा घालून बसलेलं, गळ्याला दोरी आवळावी तसं. आणि दोन मुळांच्या बेचक्यात काळ्या प्लास्टिकची पट्टी, बारा वर्षांनीही तशीच चकाकणारी.

मी पाहिलं, आणि मग मान वर केली तर समोर मुकादमबाई उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं. त्या माझी वाट पाहत होत्या, मी काय बोलतो त्याची.

मी म्हणालो, "करवत आणा. रस्ता मोकळा करा."

तीन तास. खोडाचे तुकडे झाले, बुंध्याच्या गोळ्याचे तुकडे मी स्वतः उभं राहून करवून घेतले, ट्रकमध्ये भरले आणि कचरा डेपोवर पाठवून दिले. मानपत्रातली तत्परता ती हीच. चौकशी समिती दुसऱ्या दिवशी आली. त्यांना पाहायला एक खड्डा उरला होता.

समितीत तिघे होते, त्यांतले आता कुणी सेवेत नाहीत, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, पिशव्या काढल्या नव्हत्या. समितीने नोंदवही उघडली. मग मला विचारलं. मी खुर्चीत जरा पुढे झालो आणि अगदी शांतपणे, सौम्यपणे म्हणालो, "बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असावा."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी सहानुभूती दाखवली. म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईला विसर पडला असेल, असा चेहरा केला.

अहवालात आलं, 'पाणी वेळेवर व पुरेसे न दिल्याने मुळे उथळ राहिली, सबब वृक्ष कोसळला.' मुळं उथळच असतात, हे मी आत्ता तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. तेव्हाही मला ते माहीत होतं. मी अहवाल वाचला, खाली 'सहमत' लिहिलं. निष्काळजीपणाचा ठपका बाईंच्या सेवापुस्तिकेत गेला. त्याच वर्षी त्यांचं नाव मुकादमपदासाठी वर गेलं होतं. ते परत आलं. दोन वर्षांनी त्या माळी म्हणून निवृत्त झाल्या. त्यांना निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी रोपवाटिकेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तिसऱ्या वाफ्याला उद्या पाणी लागेल." एवढंच.

आणि ते शिंपी. बरे झाल्यावर ते कचेरीत आले, डाव्या हाताने नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, तुमची जीप वेळेवर मिळाली म्हणून हात राहिला." त्यांनी माझे आभार मानले. मी त्यांना बसा म्हणालो, पाणी दिलं, आणि 'कर्तव्यच आहे' असं काहीतरी पुटपुटलो. मला त्या खोलीतून जमिनीखाली जावंसं वाटलं. पण गेलो नाही. सहाला डबा पिशवीत टाकून घरी गेलो.

त्यानंतर मी काय केलं? दरवर्षी उजव्या बाजूच्या झाडांची छाटणी करवून घेतली. शेंडे हलके केले, म्हणजे वारा कमी धरतील. लोक म्हणायचे, काय नेटकी झाडं ठेवलीत. खरं तर मी पुढच्या अपघाताची तारीख पुढे ढकलत होतो. जमलं तर माझ्या निवृत्तीच्या पलीकडे.

होय, नजर वळवू नका, मी खरंच असा विचार केला.

गेल्या आठवड्यात या समारंभाची तयारी सुरू झाली. आमच्या सौ.नी विचारलं, मानपत्रात काय-काय घालायचं ते खात्याने विचारलंय, सांगा. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. या झाडापाशी आल्यावर मी थांबलो. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. निदान मोठी अशी एकच. त्या दिवशी सगळं सांगितलं. मानपत्रातलं ते वाक्य आमच्या घरून गेलेलं नाही, ते खात्याने आपणहून घातलंय. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "मग मानपत्र तुम्हाला कशाला देतायत?" नंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोळी वाढताना म्हणाल्या, "त्या बाई कुठे राहतात?"

मी एकटाच गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढच्या ओट्यावर पत्र्याच्या डब्यांत रोपंच रोपं. बाई खाली बसून एक रोप डब्यातून काढून त्याची मुळं मोकळी करत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "चपला तिकडे काढा साहेब, इथे रोपं आहेत."

मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो. माफी मागितली. एकेका गोष्टीचं नाव घेऊन मागितली, वही, करवत, 'गैरसमज'. त्या मुळं सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाड पडलं त्याचा राग नव्हता मला. तीस वर्षं पिशव्या फाडल्या मी. आणि तुम्ही चार लोकांसमोर म्हणालात, बाईंचा गैरसमज झाला."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

मग त्यांनी विचारलं, "उजवीकडची किती उरली?"

"एकावन्न. आठ सुकली, एक पडलं."

"शाळेच्या फाटकासमोर किती?"

"नऊ."

"शाळा कधी उघडतेय?"

"सोमवारी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग इथे काय करताय साहेब? माफीचं मी बघेन, मला सवड आहे. तुम्ही महिनाअखेरीला घरी बसणार. त्यानंतर तुमची सही कोण विचारणार?"

मी त्यांना या समारंभाचं आमंत्रण दिलं. त्या नको म्हणाल्या. "तिथे तुम्ही रडाल, आणि लोक मला तुमची समजूत घालायला लावतील." म्हणून त्या आज इथे नाहीत. आणि म्हणून मी आज रडणार नाही.

अध्यक्ष महोदया, माझ्याकडे तीन कागद आहेत. पहिल्यात, लागवडीच्या वहीतली माझी नोंद खोटी आहे आणि चौकशीपुढची माझी जबानी खोटी आहे, असं मी लिहून दिलंय. त्याचे जे परिणाम व्हायचे ते होऊ देत, माझ्या पेन्शनसकट. शिंप्यांना मी काल जाऊन हे सांगितलं. ते काय म्हणाले ते मी इथे सांगणार नाही, ते माझ्यापाशी राहू दे. दुसऱ्या कागदात, बाईंच्या सेवापुस्तिकेतला ठपका काढून त्यांना त्या वर्षापासून मुकादम धरावं, अशी खातेप्रमुख म्हणून माझी शिफारस आहे.

तिसरा कागद महत्त्वाचा आहे. एकावन्न झाडांच्या बुंध्याभोवतीची माती हाताने उघडून तपासायची, ज्यांची गळफासाची मुळं कापून झाड वाचतंय ती वाचवायची, ज्यांना धरायला मुळंच नाहीत ती उतरवायची. काम दोन आठवड्यांचं. तोवर रुग्णालय रस्त्याची उजवी बाजू आणि शाळेचं पुढचं फाटक बंद. शाळेला मागचं फाटक आहे, मी मोजून आलोय, दोनशे पावलं जास्त चालावं लागेल. माझी सही झाली आहे. रस्ता बंद करायला मुख्याधिकारी साहेबांची लागते.

साहेब, हा कागद मी आपल्याला परवाही दाखवला होता. आपण म्हणालात, "समारंभ होऊन जाऊ दे, तुम्ही सन्मानाने घरी जा, मग नवा अधीक्षक बघेल." आपण माझ्या भल्यासाठी म्हणालात, हे मी जाणतो. पण साहेब, नव्या अधीक्षकाला रुजू व्हायला तीन आठवडे आहेत. मी अठरा वर्षांपूर्वी दोन दिवस वाचवले होते. त्यामुळे तीन आठवडे या शब्दांची मला भीती वाटते.

सहाला अकरा मिनिटं आहेत. कागद मी आपल्यासमोर ठेवतो. घाई नाही, आपण पूर्ण वाचा. मी तोवर उभा आहे.

नाही, टाळ्या नकोत. मागच्या मंडळींनो, तुम्हीसुद्धा नको.

तोवर आभार मानून घेतो. अध्यक्षाबाईंचे आभार, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. अभियंता साहेबांचे आभार, त्यांची मुळांविषयीची चूक निरुपद्रवी होती. मागच्या तीन रांगांचे आभार मानायला मला तोंड नाही. तुम्ही सहा वर्षं माझं ऐकलंत, कारण मी साहेब होतो. पुन्हा कुणी साहेब तुम्हाला 'पिशवीसकट लावा' म्हणाला, तर कृपा करून ऐकू नका. आणि आमच्या सौ.चे आभार, ज्या अजून दाराजवळच्या खुर्चीत आहेत. मला वाटलं होतं, अर्ध्यातून उठून जातील.

साहेबांनी चष्मा काढलाय. पुन्हा घातला. दुसरं पान चाललंय. त्या पानावर शेवटी 'कामावर देखरेख' असा रकाना आहे साहेब, तिथे बाईंचं नाव आहे, त्यांची संमती घेतली आहे. त्यांची अट एकच होती. मी तिथे साहेब म्हणून यायचं नाही. बुंध्याजवळची माती काढायला यायचं, त्या दाखवतील तेवढीच काढायची, आणि मूळ दिसलं की हात थांबवायचा.

पेन माझं घ्या साहेब, आपलं चालत नाहीये.

धन्यवाद. आभारी आहे. वेळ घाला साहेब, पाच वाजून त्रेपन्न.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी काम सुरू होईल. मंडळी, बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, शब्द उणा-अधिक गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका. ते मुकादमबाईंचं आहे, आणि त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही.